कोणी सोडून गेलं नाही

निवृत्त माणसाला आपल्याकडे कोणी स्वस्थ बसू देत नाही. अंटार्क्टिकावरच्या भारतीय तळावर मी एक अख्खा हिवाळा तळप्रमुख म्हणून काढला, त्याला आता किती वर्षं झाली. परत येऊन हवामानाची नोकरी केली, कोल्हापुरात घर बांधलं, पेन्शन सुरू झाली. आणि मग कोणीतरी शोध लावला की हा हेमंत निकम नावाचा म्हातारा उद्योजकांना नेतृत्व शिकवू शकेल. झालं. तेव्हापासून मला शाल, नारळ आणि गार झालेली कॉफी मिळत आली आहे.

व्याख्यानाचं नाव आयोजकच ठरवतात. ‘ध्रुवावरचं नेतृत्व : उद्योजकांसाठी धडे’. ध्रुवावर मी गेलेलो नाही, आमच्या तळापासून ध्रुव पार लांब. पण पत्रिकेवर तसं छापलं की हॉल भरतो, असं ते म्हणतात. समोर तिशी-चाळिशीतली पोरं-पोरी बसतात. प्रत्येकाची एकेक कंपनी, प्रत्येकाच्या डोळ्याखाली काळं. मी आपलं सांगतो. जेवणाच्या टेबलावरच्या जागा दर आठवड्याला बदला, नाहीतर कंपू होतात. रविवारी प्रमुखानं स्वतः रांधावं आणि भांडीही घासावीत. ज्याचा धीर सुटत चाललाय त्याला उपदेश करू नका, त्याच्या हातात काम द्या.

मग बिष्टची गोष्ट सांगतो. बिष्ट आमचा आचारी, अल्मोड्याचा. सूर्य उगवतच नाही त्या दिवसांत त्याची आई गेल्याचा निरोप आला. गडी बोलायचा थांबला. एका दुपारी बूट चढवून दाराशी उभा, म्हणे, मी समुद्रापर्यंत चालत जातो. मी त्याला अडवलं नाही की समजावलं नाही. कोठाराची किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि म्हणालो, उद्यापासून रोज एकाला पाव भाजायला शिकवायचं. त्यानं मला शिव्या घातल्या आणि शिकवलं. वाचला तो. अजूनही त्याचा फोन येतो.

यावर हॉल हळवा होतो. मग कोणीतरी हात वर करून विचारतं, ‘‘सर, त्या हिवाळ्यात तुमच्या टीममधून किती जण सोडून गेले?’’

‘‘कोणीच नाही.’’

टाळ्या. त्या ओसरल्या की मी म्हणतो, ‘‘अहो, पण जाणार कुठं? जहाज थेट उन्हाळ्यात येणार.’’ त्यावर सगळे खदखदून हसतात. दरवेळी हसतात, आणि ते वाक्य कोणी लिहून घेत नाही. शंभरेक वर्षांपूर्वीचा एक दर्यावर्दी ध्रुव टप्प्यात आलेला असताना माणसं जगवायची म्हणून माघारी फिरला, तेही मी सांगतो. तेव्हा सगळे फोन बघत असतात.

माझी मुलगी मुक्ता ही त्या हॉलमधल्या पोरांपैकीच एक. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत तिची ‘थंडावा’ नावाची छोटी कंपनी होती. विजेशिवाय गार राहणाऱ्या पेट्या बनवायची. पेटीच्या भिंतीत एक प्रकारचं मीठ भरलेलं असतं. ते ठरावीक तापमानाला वितळतं, आणि वितळताना आजूबाजूची उष्णता पिऊन घेतं. सगळं वितळून संपेपर्यंत पेटीच्या आतलं तापमान हलत नाही. आता उन्हाळे कसे झालेत ते मी सांगायला नको. चंदगडच्या डोंगरातल्या दवाखान्यांना ड्रोनवरून रक्ताच्या पिशव्या आणि लसी जातात, त्या अशाच पेट्यांतून. कल्पना उत्तम, घोडं अडलं होतं एकाच ठिकाणी. वितळणं आणि गोठणं वारंवार झालं की ते मीठ पाण्यापासून सुटं होऊन तळाशी बसायचं आणि पेटी नावापुरती उरायची.

हे कोडं सोडवत होती चारुता हेरवाडे. चारू मुक्ताची कॉलेजपासूनची मैत्रीण, कंपनीतली एकुलती एक रसायनतज्ज्ञ. आमच्या घरात ती फ्रीज उघडून काय हवं ते खाते, मला काका म्हणते, आणि माझ्या व्याख्यानांची टिंगल करते. लग्न केलं नव्हतं. ‘‘काका, मला नवरा नकोय, मला मूल हवंय,’’ असं तिनं एकदा माझ्या बायकोला, शैलाला, आणि मला भर जेवणात सांगितलं होतं. दत्तक घेण्यासाठी नाव नोंदवून वर्षं झाली होती. एकटी बाई, त्यात वयाची अट जवळ येत चाललेली.

त्या वर्षी मुक्ताच्या कानात ज्वारीच्या दाण्याएवढं एक यंत्र आलं.

‘‘बाबा, ओळखा काय आहे ते,’’ ती मला म्हणाली. ‘‘तुमचाच हिवाळा आहे यात.’’

मी म्हणालो, ‘‘माझा हिवाळा माझ्या गुडघ्यात आहे.’’

पण ती खरंच बोलत होती. आमच्या तळावर जेवणाच्या टेबलावर मायक्रोफोन लावलेले होते. लांबच्या अंतराळप्रवासात माणसं एकमेकांचा गळा धरतील की काय, याचा अभ्यास करायला कुठल्याशा संस्थेला आमच्यासारख्या कोंडलेल्या माणसांचे आवाज हवे होते. बऱ्याच देशांच्या तळांवर बरेच हिवाळे हे चाललं होतं. आम्ही परवानगी दिली आणि आठवड्याभरात विसरून गेलो. तो सगळा आवाजांचा साठा आता पुण्यातल्या एका कंपनीनं विकत घेऊन त्यातून हे यंत्र घडवलं होतं.

त्यामागचं शास्त्र मुक्तानं मला समजावलं, आणि ते मला पटलं. माणूस कोलमडण्याआधी त्याचा आवाज कोलमडतो. शब्द तेच असतात, पण दोन वाक्यांमधली फट वाढते. दुसरे हसले की तो जरा उशिरानं हसतो. ‘आपण’ म्हणायचा तो ‘मी’ म्हणायला लागतो. ऐकणाऱ्याला यातलं काही जाणवत नाही, त्या माणसाला स्वतःलाही नाही, पण मोजलं तर सापडतं, आणि कित्येक आठवडे आधी सापडतं. हिवाळ्याचा मध्य ओलांडला, अर्धं संपलं, की मनं एकदम खचतात हे आम्हाला अनुभवानं माहीत होतं. यंत्राला ते आकड्यांत माहीत होतं. पुढची पायरी आणखी हुशारीची. आवाज ढासळला तेव्हा प्रमुखानं काय केलं, आणि त्यानंतर आवाज सावरला की नाही, याच्या हजारो जोड्या यंत्रानं लावल्या. किल्ली दिली, आवाज सावरला. जागा बदलली, आवाज सावरला. दुःख म्हणजे काय हे त्याला कळत नाही. कशानं आवाज सावरतो एवढंच कळतं.

कंपनीतल्या प्रत्येकाच्या छातीवर एक बिल्ला आला. तो ऐकायचा, आणि मुक्ताच्या कानातला दाणा सल्ला द्यायचा. ‘सगळ्यांच्या मनाचं हवामान मोजतं हे,’ असं तिनं लोकांना सांगितलं होतं, आणि सगळ्यांनी खुशाल बिल्ले लावले होते. यंत्राचं नाव होतं ‘ओव्हरविंटर’, म्हणजे हिवाळा काढणं. मी त्याला मुकादम म्हणायचो.

आणि मुकादमानं कामही चोख केलं, नाव ठेवायला जागा नाही. पूर्वी ‘थंडावा’तून दर दिवाळीला दोघं-तिघं निघून जायचे. ते थांबलं. पगार उशिरा व्हायला लागले तरी कोणी हललं नाही. बाप म्हणून मला अभिमान वाटला, कशाला खोटं बोलू. आपला एक हिवाळा लेकीच्या उपयोगी पडतोय असं वाटलं.

पुढच्या वर्षी मार्चच्या शेवटी चारू आमच्याकडे आली ती दारातूनच म्हणाली, ‘‘काकू, नंबर लागला.’’

तिनं फोनवर फोटो दाखवला. लातूरच्या एका संस्थेतली मुलगी, चार वर्षांची, नाव रेणू. कपाळावर बटा आणि चेहऱ्यावर असा भाव, की फोटो काढणाऱ्यानं तिचं काहीतरी काढून घेतलंय. शैलानं तिथल्या तिथं चारूची दृष्ट काढली. ठरलं असं होतं की जूनअखेरीपर्यंत चारूनं पक्का होकार द्यायचा आणि मुलीला घरी आणायचं. मुलगी तोवर दोन घरांतून परत आली होती, त्यामुळे पहिले सहा-आठ महिने आई पूर्ण वेळ घरात हवी असं संस्थेनं बजावलं होतं. चारूला घरात दुसरं कोणी नाही. म्हणजे नोकरी सोडायची.

‘‘आणि ही संधी गेली तर?’’ शैलानं विचारलं.

‘‘गेली तर गेली, काकू. ऑगस्टमध्ये मी वयात बसत नाही. एवढ्या लहान मुलासाठी तरी नाही.’’

‘‘मग विचार कसला करतेस? मुक्ताला उद्याच सांग.’’

‘‘सांगणारच आहे,’’ चारू म्हणाली, आणि डब्यातला चिवडा खात बराच वेळ बसली.

एप्रिलमध्ये ती आली तेव्हा म्हणाली, सांगितलं. मुक्तानं मिठी मारली, रडली, म्हणाली, तुझ्यानंतर हे काम कोण करेल ते तूच निवड, दुसऱ्या कोणाच्या निवडीवर माझा विश्वास नाही. आता चारू माणूस शोधत होती. मेमध्ये आली तेव्हा म्हणाली, एक पोरगा मिळालाय, त्याला शिकवतेय. शिकवताना तिला स्वतःलाच मिश्रणातली एक नवी गोष्ट लक्षात आली होती आणि त्याबद्दल ती भरभरून बोलली. रेणूचं मीच विचारलं.

‘‘हो, करायचंय ना ते,’’ ती म्हणाली. ‘‘काका, गंमत सांगू? दरवेळी मी ठरवते की आज शेवटचं सांगायचं, सोमवारपासून येत नाही. आणि नेमकं त्याच दिवशी काहीतरी होतं. मुक्तानं प्रयोगशाळेची आणि कच्च्या मालाच्या खोलीची किल्ली माझ्याकडे दिली. म्हणाली, तू असेपर्यंत तुझ्याकडे. परवा जेवायला माझी जागा बदलली, मशीनवरची पोरं बाजूला आली. किती चांगली आहेत अहो ती, मला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं. अशा वेळी सोडून जाते म्हणायला जीभच उचलत नाही.’’

मी चहाचा कप खाली ठेवला. पुढच्या माणसाला शिकवायला लावणं, किल्ली, टेबलावरची जागा. हे सगळं मी त्या हिवाळ्यात तळावर, बिष्टवर केलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी शिरोलीला गेलो. मुक्ताच्या केबिनमध्ये जाऊन आधी म्हणालो, ‘‘तो दाणा काढ कानातून.’’

तिनं काढला. पोरगी समजूतदार आहे, लहानपणापासून. वाळली होती. एका मोठ्या कंपनीनं तसल्याच पेट्या स्वस्तात आणायला सुरुवात केली होती. सरकारी रुग्णालयांची मोठी मागणी येऊ घातली होती, त्यासाठीची चाचणी जुलैत. चाचणीत पेटी टिकली तर ‘थंडावा’ जगणार. हे सगळं मला माहीत होतं.

‘‘चारूला तू अडकवून ठेवलंयस,’’ मी म्हणालो.

‘‘मी तिला एकदाही थांब म्हटलेलं नाही. विचारा तिला.’’

‘‘तेच तर. थांब म्हणाली असतीस तर तिला नाही म्हणता आलं असतं.’’

मुक्ता काही वेळ टेबलावरच्या नमुन्याच्या पेटीचं झाकण उघडत-मिटत राहिली. मग म्हणाली, ‘‘बाबा, तुम्ही बिष्टकाकांना असंच ठेवलंत ना? त्याचं तुम्ही गावभर व्याख्यान देता. मी केलं की ते अडकवणं?’’

‘‘अगं, बिष्ट दाराबाहेर पडला असता तर मेला असता. बाहेर काय होतं? बर्फ. चारूच्या दाराबाहेर एक पोर उभं आहे.’’

‘‘आणि दाराच्या आत माझी सगळी माणसं आहेत. त्यांना पण घरी पोरं आहेत.’’

तेही खरंच होतं.

मी तिला एवढंच विचारलं, ‘‘मुक्ता, हा तुझा मुकादम आजवर कधी म्हणालाय का, की या माणसाला जाऊ द्या?’’

ती आठवून बघत होती. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो, आणि मला दिसलं की तिच्या डोक्यात हा प्रश्न कधी आलाच नव्हता.

‘‘नाही,’’ ती हळूच म्हणाली.

‘‘कसा म्हणेल? तो जिथं शिकला तिथून कोणाला जाताच येत नव्हतं. एकूण एक हिवाळ्यात, एकूण एक तळावर. माणूस निघून गेला आणि त्याचं भलं झालं, असं त्यानं आयुष्यात एकदाही ऐकलेलं नाही. त्याच्या लेखी टेबलावरची रिकामी खुर्ची म्हणजे मेलेला माणूस.’’

मुक्ताचे डोळे भरले. तिनं कबूल केलं की ती चारूला सांगेल, स्वतःच्या तोंडानं सांगेल की जा. फक्त एक आठवडा मागितला. नव्या पोराला मिश्रणाची शेवटची पायरी यायला हवी होती. मी तो दिला. बाप होतो. आठवड्याचे तीन आठवडे झाले, आणि मी रोज संध्याकाळी फोन उचलायचो आणि ठेवायचो.

एकवीस जूनला अंटार्क्टिकावर हिवाळ्याचा मध्य असतो. तिथला तो सण. सगळे तळ एकमेकांना शुभेच्छा पाठवतात, प्रमुख वाढपी होतो, आणि प्रत्येकानं दुसऱ्यासाठी स्वतःच्या हातानं काहीतरी बनवलेलं असतं. विकतचं चालत नाही. मुकादमाच्या सल्ल्यानं मुक्तानं हा सण ‘थंडावा’त आणला होता, आणि त्या वर्षी प्रमुख पाहुणा म्हणून मला बोलावलं होतं. टेबलावर तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, भाकरी. छताला कागदी पेंग्विन टांगलेले. आमच्या तळाच्या आसपास पेंग्विन दिसायचे क्वचित, पण असो.

जेवणाआधी मी चारूला गच्चीवर नेलं आणि सगळं सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. किल्ली का मिळाली, जागा का बदलली, माणूस निवडायला का सांगितलं, मुक्ताच्या कानात कोण बोलतं. बोलताना माझाच आवाज फाटत होता. शेवटी म्हणालो, ‘‘पोरी, तुला जे वाटतंय ना, की सोडून जाववत नाही, ते तुझं नाही. ते करून घेतलेलं आहे. तू आत्ता खाली जा, पर्स उचल आणि घरी जा. लातूरला फोन लाव. मुक्ताचं मी बघतो.’’

चारू कठड्याला टेकून उभी होती. रागावली नाही. रागावली असती तर फार बरं झालं असतं.

‘‘निम्मं मला कळलं होतं, काका,’’ ती म्हणाली. ‘‘मी मूर्ख नाही. पण एक सांगा. बिष्टकाकांचा तुम्हाला अजून फोन येतो, तो तुम्ही किल्ली दिलीत म्हणून येतो का?’’

‘‘सुरुवात तिथून झाली.’’

‘‘सुरुवात कुठूनही होऊ दे. आता तो माणूस तुमचाच आहे ना? तसंच आहे हे. ती पोरं माझ्या शेजारी कोणी का आणून बसवेनात. आता ती माझी आहेत. जुलै झाला की बघू.’’

‘‘जुलैत रेणू नसेल गं.’’

तिनं तोंड फिरवलं. खालून कोणीतरी जेवायला हाका मारत होतं.

खाली सगळ्यांनी मिळून तिच्यासाठी भेट बनवली होती. तिचाच प्रयोगशाळेतला पांढरा कोट. त्यावर प्रत्येकानं आपापलं नाव सुईदोऱ्यानं भरलं होतं. ज्या मंडळींनी जन्मात सुई धरली नव्हती त्यांची नावं वेडीवाकडी, एकाचं तर कोटावर मावलंच नव्हतं म्हणून बाहीवर गेलेलं. मी मुक्ताकडे बघितलं. तिनं मान हलवली. नंतर तिनं मला शपथेवर सांगितलं की हे यंत्रानं सुचवलेलं नव्हतं, तिलाही माहीत नव्हतं. लोकांनी आपल्या मनानं केलं होतं.

चारूनं कोट घातला, बिल्ला त्यावर लावला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग ती म्हणाली, आलेच, आणि रश्श्यानं माखलेल्या हातांनी काचेपलीकडच्या धुण्याच्या जागेत गेली. फोन कट्ट्यावर उभा केला, स्पीकर लावला आणि हात धुता धुता बोलली. मला ऐकू येत नव्हतं, नुसती दिसत होती. फार वेळ नाही बोलली. नळ बंद केला, हात पुसले, परत आली आणि शेजारच्या पोराच्या ताटात भाकरी वाढली.

मुक्ता माझ्या बाजूलाच उभी होती. तिच्या कानातला दाणा काहीतरी बोलला असावा, कारण ती एकदम ताठ झाली.

‘‘काय म्हणतोय?’’ मी विचारलं.

‘‘म्हणतोय, चारुता स्थिर. आता काळजी नाही.’’

तिनं दाणा काढून टेबलावर ठेवला. पुन्हा कधी घातला नाही. धावत चारूपाशी गेली, तिला बाजूला नेऊन काय काय सांगत राहिली. रडत होती, हात जोडत होती. चारू तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. दुसऱ्या दिवशी दोघींनी लातूरला पुन्हा फोन केला. संस्थेतल्या बाईंनी सांगितलं की नकार नोंदवला की नाव आपोआप पुढच्या घराकडे जातं. नागपूरचं एक जोडपं होतं. त्यांनी सकाळीच होकार कळवला होता.

पुढचं सांगायला मला उत्साह नाही. जुलैच्या चाचणीत पेटी टिकली. चारूचं मिश्रण एकदाही फाटलं नाही. मागणी मात्र स्वस्तवाल्यांना गेली. मुक्तानं आणखी एक वर्ष ओढून नेलं, आणि त्या वर्षातही कोणी सोडून गेलं नाही. तिनं कानात काही घातलेलं नसतानाही नाही. बिल्ले तेवढे सगळ्यांच्या छातीवर राहून गेले होते. तीच लोकांना म्हणायची, अरे, दुसरीकडे बघा. सगळे मान डोलवायचे आणि सकाळी वेळेवर यायचे. शेवटी तिनंच एक दिवस दाराला कुलूप लावलं.

महिन्याभरानं पुण्याच्या त्या यंत्रवाल्या कंपनीचा माणूस आमच्या घरी आला. कुलकर्णी की काय नाव होतं, गोड बोलणारा. मुक्ता होती, चारू होती, शैलानं पोहे केले होते. तो म्हणाला, देशभरात शेकडो कंपन्या हे यंत्र वापरतात, पण ‘थंडावा’सारखा आवाजांचा साठा कुठंच नाही. पगार थकलेले, बाहेर नोकऱ्या उपलब्ध, दार उघडं, आणि तरी शेवटच्या दिवसापर्यंत एकही राजीनामा नाही. आमच्या यंत्राला आतापर्यंत फक्त कोंडलेल्या माणसांचे आवाज माहीत होते, हे आवाज मिळाले तर ते कितीतरी सुधारेल. सगळ्यांची संमती हवी होती.

मुक्ता म्हणाली, ‘‘माझी नाही.’’

पण चारूनं बशी खाली ठेवली. ‘‘त्यात एकवीस जूनचा माझा फोन आहे का?’’

त्यानं बघितलं. होता. यंत्रानं त्याला वरचा दर्जा दिला होता, तो जरा कौतुकानंच म्हणाला. ताणाच्या क्षणी इतका सावरलेला आवाज क्वचित मिळतो म्हणे.

‘‘लावा,’’ चारू म्हणाली.

मुक्ता उठायला लागली, चारूनं तिचा हात धरून खाली बसवलं. त्यानं लावला. चारूचा आवाज आला, स्वच्छ, जवळून. नमस्कार, मी चारुता हेरवाडे बोलतेय. नाही, येऊ शकणार नाही. नाही, विचार केलाय. हो, कायमचंच समजा. सॉरी. मधूनमधून नुसती शांतता. कुठंही कापरा नाही, कुठं अडखळणं नाही. चारू पुढं वाकून, डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर तिनं पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तेच.

‘‘यात संस्थेतल्या बाईंच्या मागं एक मुलगी बोलत होती,’’ ती म्हणाली.

‘‘ते निघून जातं, मॅडम. समोरच्याचा आवाज, मागचा गोंगाट, सगळं यंत्र गाळून टाकतं. बिल्ला लावलेल्या माणसाचाच आवाज ठेवायचा असा आमचा नियम आहे.’’

‘‘मूळ असेल ना कुठंतरी?’’

‘‘नाही. मूळ आम्ही ठेवत नाही.’’

चारूनं मान हलवली. त्या माणसालाही कळलं असावं काहीतरी, तो पोह्यांकडे बघत बसला.

मग मुक्तानं विचारलं, ‘‘काय म्हणत होती?’’

‘‘विचारत होती, बाई, कोणाचा फोन आहे?’’

‘‘मग?’’

‘‘बाई म्हणाल्या, कोणाचा नाही गं, तू जेव,’’ चारू म्हणाली, आणि उठून सगळ्यांच्या बशा गोळा करायला लागली.